मचूळ

डिसेंबर २०१४ मधली एक बातमी डोक्यातून अजून जात नाही. नौदलाचं आयएनएस दीपक हे जहाज मुंबईहून मालेला निघालं, आणि त्याच्या टाक्यांत होतं साधं गोडं पाणी. सुमारे हजार टन. भर समुद्रात इतर जहाजांना तेल-पाणी पुरवणं हे दीपकचं रोजचं काम, पण या खेपेला गिऱ्हाईक म्हणजे एका देशाची राजधानी होती. ४ डिसेंबरला मालेतल्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली, वीजजोडणी जळाली आणि लाखावर माणसांचे नळ एकदम कोरडे पडले. मालदीवच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरली, कोचीजवळ गस्तीवर असलेलं आयएनएस सुकन्या तिकडे वळवलं गेलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन नीर’. हजार टन म्हणजे दहा लाख लिटर. लाख माणसांत वाटलं तर माणशी दहा लिटर.

एक कळशी.

आगीचं एवढं नवल नाही, आग कुठंही लागते. खटकत राहिलं ते दुसरंच. मालेत माणसं शतकानुशतकं राहत आली. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हते, पाणी आणायला जहाजं नव्हती. घराघराच्या अंगणात विहीर होती, मशिदीच्या आवारात विहीर होती, आणि लोक तेच पाणी पीत होते. मग त्या विहिरी गेल्या कुठे? विहिरी आहेत तिथेच होत्या. त्यांतलं पाणी मात्र प्यायच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

कोकणात खाडीकाठच्या गावात ‘मचूळ’ हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. खारट म्हणावं तर खारट नाही, गोड तर नाहीच. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि पाणी पिऊनही तहान भागल्यासारखी वाटत नाही. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की अशी चव येते, मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की जाते. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जिभेला क्लोराइड जाणवायला लागतं ते लिटरमागे साधारण अडीचशे मिलिग्रॅमला. समुद्राच्या पाण्यात ते एकोणीस हजारांच्या आसपास असतं. म्हणजे शंभर लिटरच्या पिंपात सव्वा-दीड लिटर समुद्र मिसळला की पिंप मचूळ. बेट बुडायला समुद्र मीटरभर चढावा लागतो, विहीर नासायला शंभरातला सव्वा भाग पुरतो.

प्रवाळ बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पाऊस पडतो तो पोवळ्यांच्या भुग्यात सरळ मुरतो. खाली वाळूच्या कणाकणांत समुद्र आधीच भरून राहिलेला असतो. गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, कारण ते हलकं. एक घनमीटर गोडं पाणी हजार किलो भरतं, समुद्राचं हजार पंचवीस. या पंचवीस किलोंच्या फरकावर मालदीव आणि प्रशांत महासागरातली तुवालू, किरिबाती, मार्शल बेटं इथली सगळी जुनी वस्ती उभी राहिली. हे तरंगतं पाणी बेटाच्या मध्यावर जाड आणि काठांकडे निमुळतं होत जातं, म्हणून भूजलवाले त्याला भिंग म्हणतात. १८८८ मध्ये बादोन गायबन या डच अभियंत्यानं आणि १९०१ मध्ये हेर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं स्वतंत्रपणे याचा हिशेब मांडला: विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा एक सेंटिमीटर वर असेल, तर गोडं पाणी समुद्रसपाटीच्या चाळीस सेंटिमीटर खालपर्यंत जातं. एकास चाळीस. लहान बेटावर विहिरीची पातळी समुद्राच्या वर असून असून किती असणार, वीतभर, फार तर दीड वीत. त्या हिशेबानं खाली आठ-दहा मीटर पाणी निघायला हवं. प्रत्यक्षात तेवढंही नसतं. भिंगाला खालून कड नसते, गोडं, मचूळ आणि खारं असं हळूहळू बदलत जातं, आणि हा मधला मचूळ पट्टा कधी कधी गोड्या भागाहून जाड असतो. शिवाय पंधरा-पंचवीस मीटरांवर वाळू संपून जुना चुनखडक लागतो, भोकाभोकांचा, पोकळ्यांचा. भरती-ओहोटी त्यातून थेट खालून वर येते. म्हणून बेटाच्या अगदी मधल्या विहिरीतसुद्धा पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, आणि दर वेळी खालचं खारं थोडंसं ढवळलं जातं.

हा एकास चाळीसचा हिशेब वरून खाली जितका खरा, तितकाच खालून वर. विहिरीतून भरभर उपसा करून पातळी दहा सेंटिमीटर खाली नेली, तर तिच्याखालचं खारं पाणी सावकाश वर चढायला लागतं, आणि हिशेबाप्रमाणे त्याचा पल्ला चार मीटरांचा असतो. विहिरीखाली खाऱ्या पाण्याचा शंकू उभा राहतो. एकदा तो विहिरीच्या तळाला टेकला की पंप बंद करूनही लगेच उतरत नाही. मालदीवमध्ये पूर्वी विहिरीतून पाणी काढायला ‘धानी’ असायची: लांब काठी आणि टोकाला डबा. विहिरी उथळ, हात-दोन हातांवर पाणी. धानीनं वरचा थर अलगद निपटून घेतला जाई, सायीसारखा. अर्धा अश्वशक्तीचा पंप मात्र एकाच जागेवरून, तळाजवळून, मिनिटाला वीस-तीस लिटर ओढतो. घरात आंघोळीला शॉवर आला आणि धानी परसात टेकून राहिली. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. उन्हातान्हात काठीनं पाणी शेंदणाऱ्या बाईला ‘तुझी पद्धत शास्त्रशुद्ध होती’ हे सांगायला कोण जाणार?

किरिबातीच्या तारावा बेटावर या शंकूवर तोड म्हणून उभ्या विहिरीऐवजी आडव्या चरांचा मार्ग घेतला गेला. बोनरिकीला, विमानतळाच्या अंगाला, जमिनीत लांब चर खणून पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली भोकांचे पाइप आडवे टाकले, वरून खडी आणि माती लोटली, आणि मधल्या एका कुंडातून हळूहळू पंप चालवला. ओढ शेकडो मीटरांवर विभागली जाते, कुठेच पातळी फार खचत नाही. धानीचंच मोठं रूप म्हणायचं. पण त्यासाठी जमीन मोकळी ठेवावी लागते, तिथे वस्ती नको, डुकरं नकोत, संडास नको, आणि तारावात मोकळी जमीन हीच सर्वात दुर्मीळ. पाण्याचं राखीव क्षेत्र म्हणजे कुणाच्या तरी आजोबांची जमीन असते. त्यावर त्यांनी खड्डे खणून दलदलीतला अळू लावलेला असतो, त्याला तिथे ‘बाबाई’ म्हणतात, आणि त्या खड्ड्याचा तळ भिंगालाच टेकलेला असतो. पाणी खारावलं की आधी बाबाईची पानं पिवळी पडतात, माणसाच्या जिभेला कळायच्या आधी.

मालेचं भिंग असं वरून-खालून दोन्हीकडून गेलं. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं, त्यात भर घालून वाढवलेलं. घराच्या अंगणात विहीर आणि चार पावलांवर शोषखड्डा. वाळू पाणी गाळते खरी, पण एवढ्या कमी अंतरात जंतू मरत नाहीत. १९७८ मध्ये पटकीची साथ आली आणि विहिरीचं पाणी पिण्यातून गेलं. पुढे माणसं वाढत गेली, उपसा वाढला, अंगणं काँक्रीटखाली गेली आणि मुरणारा पाऊस रस्त्यावरून समुद्रात वाहून जाऊ लागला. १९८८ पासून समुद्राचं पाणी गोडं करायला सुरुवात झाली. याला एक विचित्र पदर आहे. शोषखड्ड्यांनी भिंग घाण केलं, पण वापरलेलं पाणी बेटाच्या पोटात परत तेच खड्डे सोडत होते. सांडपाण्याची बंद गटारं घातली, नळ खोल समुद्रात सोडला, आणि रोग आटोक्यात आणण्यासाठी ते करायलाच हवं होतं. पण त्याबरोबर परतीचं पाणीही गेलं. विहिरीतून उपसलेलं सगळं आता एकमार्गी समुद्रात जातं. आरोग्य खात्याचं यश भूजलाच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडतं. छोट्या बेटावर असे हिशेब फार असतात, एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाझरतं.

१७ ऑक्टोबर २००९ ला राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली, पाठीवर हवेची नळकांडी बांधून, तो फोटो जगभर गेला. मुद्दा खराच होता, देशाची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास. पण त्या फोटोनं एक समजूत घट्ट केली: समुद्र बशीतल्या चहासारखा चढेल आणि एक दिवस बेटं दिसेनाशी होतील. बेटं इतकी निमूट नसतात. लाटा पोवळ्यांचा चुरा आणून टाकतात, एका बाजूला खातात, दुसऱ्या बाजूला भरतात. तुवालूच्या एकशे एक बेटांचे चार दशकांचे हवाई आणि उपग्रह फोटो तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशाची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. यावर काहींनी टाळ्या पिटल्या, ‘बघा, काही बुडत नाही.’ त्याच वर्षी मार्शल बेटांतल्या रोई-नामूरचा दुसरा अभ्यास आला. त्यात म्हटलं होतं की लाटांचं पाणी बेटावरून वारंवार वाहायला लागलं की जमीन जागेवर असली तरी प्यायला पाणी उरणार नाही, आणि बऱ्याच प्रवाळ बेटांवर ही वेळ या शतकाच्या मध्यापर्यंतच येईल. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. जमीन राहू शकते, पाणी जाऊ शकतं.

नुसती समुद्राची पातळी सावकाश चढली तर भिंगही तिच्यासोबत वर उचललं जातं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काठ जागेवर असतील, तर भिंग जवळपास तेवढंच राहतं. घात होतो तो दोन ठिकाणी. एक, बेट अरुंद झालं की. साध्या गणितात भिंगाची जाडी रुंदीच्या प्रमाणात असते, त्यामुळे रुंदी निम्मी झाली तर जाडी निम्मी आणि साठा पावपट. बंदरासाठी कापलेली खाडी, धावपट्टीसाठी खणलेले खड्डे, हेही भिंगाला अरुंदच करतात. तुवालूच्या राजधानीत, फुनाफुतीला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी धावपट्टीसाठी माती उकरली, ते खड्डे खाऱ्या डबक्यांच्या रूपात सत्तर वर्षं तसेच होते, २०१५ मध्ये बुजले. आणि दुसरं, लाट वरून आली की. खालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला भिंग थोपवून धरतं, वरून आलेल्या पाण्याला नाही. जड खारं पाणी वाळूतून सरळ खाली उतरतं, भिंगाच्या आरपार. फेब्रुवारी २००५ मध्ये कुक बेटांपैकी पुकापुकावरून चक्रीवादळाचं पाणी वाहून गेलं, तिथलं भिंग पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे अकरा महिने लागले. त्सुनामीनंतर मालदीवच्या विहिरींचं तेच झालं. त्या वेळी घाईघाईनं विहिरी उपसून ‘धुण्याचा’ मोह होतो, आपल्याकडेही पुरानंतर तसंच करतात. प्रवाळ बेटावर तो घातक ठरतो. उपसलं की खालचं खारं वर येतं. विहिरीतला कचरा-गाळ काढावा, वरची खारी डबकी समुद्राकडे काढून द्यावीत, आणि पुढचे पाऊस येऊन भिंग पुन्हा भरेपर्यंत थांबावं. थांबणं हाच उपाय असला की मदत करायला आलेल्यांना करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो कुणाला आवडत नाही.

थांबायचं तर तोवर प्यायचं काय? छपराचं पाणी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साठ चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर आणि वर्षाला एकोणीसशे मिलिमीटर पाऊस धरा, उडालेलं-सांडलेलं वीस टक्के वजा केलं तरी वर्षाकाठी नव्वद हजार लिटर होतात. पाणी कमी नाही, भांडं कमी आहे. त्सुनामीनंतर मालदीवमध्ये घरोघर प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, त्या बहुतेक अडीच हजार लिटरच्या. जानेवारी ते एप्रिल हा कोरडा हंगाम. एकशे वीस दिवसांवर अडीच हजार लिटर पसरले तर रोज एकवीस लिटर, पाच माणसांच्या घरात माणशी चार. पिणं आणि भात शिजवणं, बस. तेही टाकी डिसेंबरअखेर काठोकाठ असेल आणि नळ गळत नसेल तर. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार-पाच लिटर, म्हणजे घरातला एक माणूस कमी करावा लागेल. पन्हळीच्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या वाऱ्यानं दोन-तीन वर्षांत गंजतात, पन्हळ मध्येच झुकते आणि जोराच्या सरीत निम्मं पाणी टाकीबाहेर. पहिल्या सरीचं पाणी पक्ष्यांची विष्ठा, मीठ आणि धूळ घेऊन येतं. ते वेगळं काढायला साध्या उभ्या पाइपची सोय असते, खाली झाकण, आधी तो भरतो आणि मगच पाणी टाकीकडे वळतं. झाकण दर पावसानंतर उघडून पाइप रिकामा करावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी सगळी घाण सरळ टाकीत. टाकीच्या तोंडावरची जाळी फाटली की डास, आणि डेंगी.

तुवालूत तर भिंगाची भिस्त केव्हाच सुटली आहे, सगळं टाक्यांवर. २०११ मध्ये ला निनानं पाऊस हटवला, सप्टेंबरअखेर आणीबाणी जाहीर झाली आणि फुनाफुतीत रोज घरटी दोन बादल्या, चाळीस लिटर पाणी मोजून मिळू लागलं. न्यूझीलंडनं विमानानं पाणी गोडं करणारी यंत्रं पाठवली.

ती यंत्रं म्हणजे आरओ. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्याचा थोरला भाऊ, पण स्वभाव वेगळा. घरातला आरओ नळाच्या दाबावर किंवा छोट्या पंपावर भागवतो. समुद्राच्या पाण्यातल्या मिठाचा स्वतःचाच उलटा दाब सत्तावीस बारच्या आसपास असतो, त्याला मागे रेटून पाणी मीठ अडवणाऱ्या पडद्यापार ढकलायला पंचावन्न ते पासष्ट बार लावावे लागतात. किनाऱ्याजवळच्या बोअरमधून पाणी, मग वाळूचा फिल्टर, मग बारीक गाळ अडवणारं पाच मायक्रॉनचं फिल्टरचं काडतूस, मग तो मोठा पंप, मग नळकांड्यांत गुंडाळून बसवलेले पडदे. शंभर लिटर आत गेले तर गोडं पाणी चाळीसच, उरलेले साठ अधिक खारट होऊन परत समुद्रात. परत जाणाऱ्या पाण्यातला दाब वसूल करायची सोय असेल तर हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज, नसेल तर दुप्पट. बेटावर वीज म्हणजे बहुतेक डिझेल जनरेटर. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे चांगल्या यंत्राला लिटरभर, साध्याला दोन लिटर डिझेल. आणि यंत्र बिघडतं ते मोठ्या कारणानं क्वचितच. पाच मायक्रॉनचं काडतूस संपलं, नवं बोटीनं येईतो कुणीतरी ते काढून तसंच चालवलं, पडदे गाळानं बसले. बोअर निर्जंतुक करायला क्लोरीन घातलं आणि ते पडद्यापर्यंत पोचलं, पडदे जळाले, कारण हे पडदे क्लोरीन सहन करत नाहीत. पावसाळ्यात गरज नाही म्हणून दोन महिने यंत्र बंद ठेवलं, पडदे सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात भिजवून ठेवायचे राहिले, आत जिवाणूंचा चिकट थर. जानेवारीत कळ दाबली तर पाणी थेंब थेंब. यंत्र चालवायला शिकलेला मुलगा तोवर चांगल्या पगारावर एखाद्या रिसॉर्टमध्ये गेलेला. रिसॉर्टच्या बेटावर स्वतःचं यंत्र असतं, दोन-दोन असतात. आपल्याकडून मधुचंद्राला गेलेल्या जोडप्यांना तिथे नळाला मचूळ पाणी येत नाही, त्याचं कारण ते.

हवामान निधीच्या पैशातून मालदीवच्या एकोणपन्नास बाहेरच्या बेटांसाठी जी योजना मंजूर झाली, तिच्यात पाऊस, भूजल आणि आरओ तिन्ही एकत्र धरले आहेत, आणि मला ते पटतं. पिण्याला छपराचं, धुण्या-संडासाला विहिरीचं, आणि कोरड्या महिन्यांत आरओची भर, असं वाटून घेतलं तर यंत्र लहान लागतं आणि बिघडलं तरी गाव तडफडत नाही. मालेत असं वाटून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं, पर्यायच एक. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं दिवसाला एक लाख लिटरचा वेगळ्याच धाटणीचा प्रकल्प उभारला. पृष्ठभागाचं अठ्ठावीस अंशांचं पाणी निर्वात टाकीत सोडायचं, कमी दाबामुळे त्यातलं थोडं तसंच वाफ होतं, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून पाइपानं आणलेल्या थंडगार पाण्यावर ती वाफ धरायची. पडदे नाहीत, क्लोरीनची भीती नाही. पुढे तो मिनिकॉयलाही झाला, जिथली महल बोली मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. पण खोल समुद्र किनाऱ्याच्या इतका जवळ प्रत्येक बेटाला मिळत नाही, आणि निर्वात पंप चालवायलाही वीज लागतेच. ती तिथेही आजवर बरीचशी डिझेलचीच.

राहिली ती आयएनएस सुकन्या. तिच्या टाक्यांत पस्तीस टन पाणी होतं. पण मालेला ती पोचली तेव्हा या पस्तीस टनांपेक्षा महत्त्वाची होती तिच्यावरची दोन आरओ यंत्रं, रोज वीस टन पाणी गोडं करू शकणारी. गोडं करायचं पाणी बाहेरून आणायचं नव्हतं. मालेच्या सभोवार जे पसरलेलं होतं, तेच. जेमतेम काही मीटरांवर, काँक्रीटच्या धक्क्यापलीकडे, गावातलं यंत्र जळून काळं पडलेलं, आणि अंगणांतल्या विहिरींत पाणी होतं, हात-दोन हातांवर, मचूळ.